खिडकीकडे पडलेली कळी

(बोरीवली, १९८६. रविवारची दुपार. सोसायटीतल्या दोन खोल्यांच्या जागेत रुक्मिणी, तिची सून वनमाला आणि गावच्या देवळाचे म्हातारे गुरव धाकू. रुक्मिणीचा मुलगा दशरथ कामावर गेलाय. चहा नुकताच झालाय.)

वनमाला : थांबा थांबा, काका. ती कळी देवाच्या दगडाला चिकटते कशी? मागून काही लावता का? खळ? गोंद?

धाकू : गोंद! अगो बाये, मी काय देवाक पोस्टाचा तिकीट लावतंय? तीर्थात भिजवची आणि लावची. पाण्यानच धरून रवता.

वनमाला : आणि मग?

धाकू : मगे गाऱ्हाणा घालूचा. ‘बा देवा म्हाराजा, अमक्याचा ह्या काम होवचा आसात तर उजवी दी, नायतर डावी दी.’ आणि गप रवाचा. कळी पडाची वाट बघूची. तोच कौल.

वनमाला : किती वेळ वाट बघायची?

धाकू : तेका घड्याळ नाय. कधी चाय पिवच्या आधी पडता, कधी अर्धो दिस जाता. एकदा दोगे भाव जमिनीच्या भांडणाक कौल घेवक इले. सकाळी लायलेली कळी तिन्हीसांज झाली तरी पडाक नाय. तवसर ते दोगे थंयच बसान एकमेकाक विडी देवक लागलेले!

वनमाला : म्हणजे कळी न पडताच भांडण मिटलं? झकास! पण काका, वाऱ्याने पण पडत असेल ना ती?

रुक्मिणी : झाली सुरू! भावोजी, हिच्या तोंडाक लागा नकात. बालवाडीची बाई ती. शाळेतली पोरा दिसभर हिका विचारतत, आणि ता सगळा ही घराक येवन आमका विचारता.

धाकू : विचारूंदे गो वयनी. चाळीस वर्सां गुरवकी केलंय, पण गोंद लावतंस काय म्हणान कोणी विचारूक नाय. सगळ्यांका निसतो जबाब व्हयो. हां, तर वारो. पडता ना वाऱ्यान. पाणी सुकला तरी पडता. मी कशाक खोटा सांगू? पण खंयच्या बाजूक पडाचा, ता कोण ठरवता? ता माका अजून समजाक नाय.

वनमाला : आमच्यात असलं काही नाही हो. माहेर घाटकोपरला, पण मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. माणूस आजारी पडलं की अंगारा लावायचा, नाहीतर डॉक्टर, नाहीतर दोन्ही. देवाला आधी विचारायची भानगडच नाही.

रुक्मिणी : हां, आता मुद्द्यार ये. दशरथाक धाडून जोगेश्वरीच्या लग्नातसून ह्या म्हाताऱ्या माणसाक उचलून हाडलंस, ता काय गोंद विचारूक? घोवाक कामार धाडलंस आणि हंय पंचायत बसवलंस.

वनमाला : बरं, बोलते. तुमच्यासमोरच बोलते, मागून नाही. काका, आईंच्या गर्भपिशवीत गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, आत्ता काढली तर ठणठणीत बऱ्या होतील. सहा महिने घालवले, तर मग मला विचारू नका. मंगळवारी बेड मिळालाय. आणि आई म्हणतात, मी नाही जाणार.

रुक्मिणी : कौल नाय दिल्यान देवान.

वनमाला : बघा! झालं, विषय संपला. आता ह्याच्यापुढे मी काय बोलणार?

धाकू : कोणी लायलो कौल? माका तर पत्र येवक नाय.

रुक्मिणी : मीच लायलंय. हंय, घरच्या देवाक. तुमीच नाय दिलेलो तो पाषाण, जोगेश्वरीक खोली घेतली तेवा?

धाकू : व्हय तर! तुझ्या घोवाच्या, काशीरामाच्या हातात मीच दिलंय. रुप्याचे डोळे लावन.

वनमाला : पण काका, घरात लावला तरी चालतो का कौल? कळी आमच्या कुंडीतली, पाणी आमच्या नळाचं.

धाकू : चलता. मनापासून विचारलंस तर देव नळाचा पाणी बघणा नाय.

रुक्मिणी : हिका सांगा जरा. माझ्या मनाची रीत नाय ही, तुमीच शिकवलास. हे आजारी होते तेवा तुमचा कार्ड इला होता.

वनमाला : बाबांच्या वेळी? मला नुसतं माहितीय की अल्सरने गेले.

रुक्मिणी : एकाहत्तर साल. मिलीत लूमार उभे होते आणि रगत ओकले. डॉक्टर म्हणालो, पोट उघडूक व्हया. मी घाबरलंय. भावोजींका पत्र धाडलंय, देवाक विचारा म्हणान. पावसाळो होतो. ह्येंचा कार्ड इला, ‘व्हाळाक पूर, देवळात जावक गावना नाय. घरच्या देवाक कळी लाव. उजवी दिल्यान तर पोट उघडा, डावी दिल्यान तर थांबा.’ डावी पडली. थांबलो. तीन महिन्यांनी, दसऱ्याच्या आदल्या दिसाक गेले.

वनमाला : आणि तरी त्याच देवाला परत विचारलंत? राग नाही आला त्याचा?

रुक्मिणी : कित्याक येतलो? देवान नको सांगल्यान, म्हणजे टेबलारच गेले असते. तेच्यापेक्षा तीन महिने घरात रवले. माझ्या हातची पेज जेवले, माझ्याशी बोलले. तेच्यारच मी पंधरा वर्सां काढलंय. आता तू उगाच कायतरी उकरू नको.

वनमाला : उकरत नाही हो. मला नुसतं डोळ्यासमोर येत नाहीये. परवा कळी नक्की कुठे पडली, ते दाखवा ना. काका, तुम्ही देव व्हा. इथे बसा, भिंतीला टेकून.

धाकू : मी देव? अगो, देवाची हाडां दुखतत! बसतंय, बसतंय. नायतर तू सोडूची नाय.

वनमाला : ही बघा, कपाळाला लावली कळी. हसू नका, पडेल. आता आई, तुम्ही परवा बसला होतात तशाच समोर बसा. कुठल्या बाजूला पडली?

रुक्मिणी : ह्या. खिडकीकडे. माझ्या डाव्या हाताक.

वनमाला : थांबा हं. काका, खिडकीकडे तुमचा कुठला हात आहे?

धाकू : माझो... माझो उजवो.

वनमाला : अगंबाई! हे तर आमच्या शाळेतलंच झालं! मी वर्गासमोर उभी राहून उजवा हात वर केला की समोरची पोरं डावा वर करतात. म्हणून मला मुद्दाम डावा करून दाखवावा लागतो, तेव्हा कुठे त्यांचा उजवा येतो. काका, कौलात उजवी कोणाची धरायची? विचारणाऱ्याची की देवाची?

धाकू : देवाची.

वनमाला : नक्की?

धाकू : नक्की म्हणजे? कौल देवाचो, तर उजवी देवाचीच.

वनमाला : सुटलो! आई, अहो देव हो म्हणालाय! तुम्ही उलटं धरलंत. मंगळवारी जायचं आता. काका, तुमचे पाय कुठेत? अजून चहा टाकते, आणि दशरथ आला की त्याला... आई? काय झालं? अशा का बसलात?

रुक्मिणी : दाराकडे पडलेली.

वनमाला : काय?

रुक्मिणी : तेवा. जोगेश्वरीच्या खोलीत. दाराकडे पडलेली. दार माझ्या डाव्या हाताक होता.

वनमाला : आई... माझ्या ध्यानातच नाही आलं. मी आपली उड्या मारत बसले.

रुक्मिणी : भावोजी, ती देवाची खंयची बाजू?

धाकू : वयनी, कसा आसा, घरातलो कौल आणि देवळातलो कौल ह्येच्यात फरक आसता. घरातल्याक तसो काय...

रुक्मिणी : आता म्हणालात चलता म्हणान! देवाच्या नावान खोटा बोला नकात. खंयची बाजू?

धाकू : उजवी.

रुक्मिणी : म्हणजे देवान सांगल्यान, उघडा पोट. आणि मी म्हटलंय, नको.

वनमाला : तुम्हाला कसं कळणार, आई? कोणी कधी दाखवलं होतं?

रुक्मिणी : कोण दाखवतलो? बायल माणसाक गाभाऱ्यात कोण घेता? आमी भायर, खांबाच्या पाठी. आतसून हाळी येता, ‘उजवी दिल्यान हो!’ तितक्याच आमच्या कानार. ती पडता कशी, खंय पडता, बघूक कोण गेला?

धाकू : चूक माझी. कार्डार एक शब्द ज्यास्ती लिवक व्हयो होतो. देवाची उजवी. तितक्याच. माका वाटला, ह्या तर शेंबड्या पोराकय ठावक आसता.

रुक्मिणी : झिलग्यांका ठावक आसता! चेडवांका, बायलांका कोणी सांगल्यान? तुमचो एक शब्द ऱ्हवलो आणि माझो घोव गेलो. पंधरा वर्सां ह्या कपाळान देवाचे उपकार मानलंय मी. माझ्या हातान मारलंय आणि वर उपकार मानलंय! जावा तुमी. चाय पियालात मां? जावा आता.

वनमाला : आई, असं नका ना बोलू. पाहुणे आहेत ते.

धाकू : बोलूंदे. माका ऐकूकच व्हया. उठतंय मी, वयनी. पण एक सांग. ती कळी पडली तेवा काशीराम खंय होतो?

रुक्मिणी : खाटेर. समोरच.

धाकू : बघल्यान तेनी पडताना?

रुक्मिणी : बघले तर. मी म्हटलंय, डावी पडली वो. म्हणाले, ‘बरा. मगे नको.’

धाकू : इतक्याच?

रुक्मिणी : इतक्याच. आणि भूक लागली म्हणाले. कित्याक?

धाकू : तुमचा लगीन होवच्या आधी, मिलीत लागाच्या आधी, काशीराम पाच वर्सां माझ्या बाजूक गाभाऱ्यात समई धरून उभो रवायचो. आणि कळी पडली काय भायर हाळी तोच घालायचो. ‘उजवी दिल्यान हो.’ माझो आवाज बारीक, तेचो मोठो.

वनमाला : म्हणजे बाबांना ठाऊक होतं.

रुक्मिणी : गप! ठावक आसता तर ते बोलले नसते?

वनमाला : तेच मी विचारतेय. समोर उजवी पडलेली दिसतेय, तुम्ही डावी म्हणताय, आणि माणूस बरं म्हणून जेवायला मागतो. का? का नाही बोलले?

रुक्मिणी : तुझे ते प्रश्न... थांब. थांब जरा.

धाकू : काय गो वयनी?

रुक्मिणी : त्या दिसापासून माका दिवो लावक देईनत. उठाक व्हायचा नाय, भिंतीक धरून यायचे, पण स्वता लावायचे. आणि हात जोडून एकच म्हणायचे, ‘हिच्या माथ्यार घालू नको, म्हाराजा. माझा माझ्याकडे.’ मी म्हणायचंय, काय ता? तर म्हणायचे, काय नाय गो, दुखता म्हणान बडबडतंय.

वनमाला : रोज म्हणायचे?

रुक्मिणी : रोज. तीन महिने. अगो, सुईक भियायचे ते! इतको दांडगो माणूस, पण मिलीत बोट कापला तेवा डोळे मिटून बसलेले आणि माका म्हणाले, पट्टी तूच बांध, मी बघूचंय नाय. पोट उघडतले म्हटल्यार काय झाला आसात तेंका! देवान हो सांगल्यान, ता तेंनी बघल्यानी. आणि मी नको म्हटलंय, ता धरून बसले.

धाकू : देवाचा ऐकाक धीर झालो नाय तेका. तुझा ऐकाक बरा वाटला.

वनमाला : राग आला त्यांचा?

रुक्मिणी : येता गो! मोप येता. आता समोर असते तर अशी बोललं असतंय की सगळ्या सोसायटीन ऐकला असता. मेल्या माणसा, माका सांगूचा नाय? मी काय हसलं असतंय? मी हात धरून घेवन गेलं असतंय. आत सोडूक नाय तर दारात बसलं असतंय. कौलबिल कायच लावक नसतंय.

वनमाला : पाणी देऊ?

रुक्मिणी : दी. भावोजींकाय दी.

धाकू : वयनी, परत लावया कळी? माझ्या हातान. तुझ्या समोर, तू जवळ बसान बघ.

रुक्मिणी : नको. दोन खेपेक सांगल्यान तेनी, आणखी किती दमवतलास तेका? बसा तुमी. जावा म्हटलंय ता रागान.

धाकू : माका माफ केलंस?

रुक्मिणी : आज नाय. पण जेवन जावा. बांगडे हाडलेत.

धाकू : बरा. आज बांगडे खातंय. माफीक परत येतंय.

वनमाला : आई, मग मंगळवारचं? डॉक्टरीणबाईंना काय कळवू?

रुक्मिणी : किती वाजता बोलवल्यान?

वनमाला : सकाळी सातला. रात्रीपासून उपाशी राहायचं.

रुक्मिणी : आधी झोपवतत मां?

वनमाला : झोपवतात. काही कळतसुद्धा नाही.

रुक्मिणी : तुका कोणी सांगल्यान?

वनमाला : मी विचारलं. दोनदा.

रुक्मिणी : तू विचारतलंसच. वनू, परवा कळी खिडकीकडे पडली ना, तेवा माका बरा वाटला. सुटलंय, असाच वाटला. तुका म्हटलंय देवान नको सांगल्यान, पण खरा ता नाय.

वनमाला : मग खरं काय, आई?

रुक्मिणी : माका भेव वाटता गो. तू येशीत मां माझ्याबरोबर, आतल्या दारापर्यंत?