एका शब्दाचं झाड

(सोलापुरातला एक कॉम्प्युटर क्लास. दुपारचे तीन, बॅच सुटून बाकीचे गेलेत. कीर्ती शिकवते, त्रिंबक आणि बुद्धप्रिया एकाच कॉम्प्युटरवर बसून शिकतात.)

कीर्ती : काका, मला काही कळत नाहीये. फाइल चाळीस मिनिटांची आहे आणि आत एकच शब्द.

त्रिंबक : व्हय. "मंडळी".

कीर्ती : फक्त "मंडळी"?

त्रिंबक : फकस्त मंडळी. पन लई येळा.

कीर्ती : तेच विचारतेय. कशासाठी? आणि दहा मिनिटांनंतर तर काहीच ऐकू येत नाही. हेडफोन बिघडला की काय म्हणून मी दुसरा लावून बघितला.

बुद्धप्रिया : मॅडम, हेडफोन चांगलाय. काकांनी आवाज बारीक करत नेलाय. मी बघितलं ना. मला वाटलं इफेक्ट देतायत.

त्रिंबक : इफेक्ट न्हाय. तुमी सांगितलं तसंच केलं मी. वहीत लिवलंय. ह्ये बघा. एक फांदी घ्यायची. तिच्या निम्म्या दोन करायच्या. त्येच्या निम्म्या चार. मशीनला सांगायचं, असंच करत जा. मग झाड हुतं.

कीर्ती : काका, हे फ्रॅक्टलचं प्रॅक्टिकल आहे. चित्राचं. बाभळीचं पान दाखवलं होतं मी, ते.

त्रिंबक : बाभळीचंच लिवलंय की हितं.

कीर्ती : पण हे आवाजाला चालत नाही.

त्रिंबक : का चालत न्हाय?

कीर्ती : म्हणजे... चालत नाही. ते वेगळं सॉफ्टवेअर, हे वेगळं.

त्रिंबक : कॉम्प्युटर तर योकच हाय. सोमवारी ह्याच्यावरच आवाज कापला आनि मंगळवारी ह्याच्यावरच झाड उगवलं. मी काय म्हनलं, तुमी आधी आवाज शिकवला आनि मग तो कसा वाढवायचा त्ये शिकवलं.

बुद्धप्रिया : अगं बाई. म्हणून परवा मला विचारत होते, अकरा वेळा पुरं का बारा करू.

कीर्ती : आणि तू काय सांगितलंस?

बुद्धप्रिया : मी म्हटलं अकरा बास, नाहीतर कॉम्प्युटर हँग होईल.

कीर्ती : बरं. हरकत नाही, काका. गोंधळ झाला, होतो. परीक्षेला अजून पंधरा दिवस आहेत. तुम्ही सोमवारी आलात की आपण दोघं बसू आणि आवाजाचं प्रॅक्टिकल पहिल्यापासून करू. चाळीस शब्द बोलायचे, ते कापून वेगवेगळे ठेवायचे आणि जोडून नवी वाक्यं करायची. सोपं आहे.

त्रिंबक : सोमवारी मी कुटला येतोय.

कीर्ती : ऑपरेशन आहे, माहीत आहे मला. मग त्याच्या पुढच्या सोमवारी या. घसा बरा झाला की.

त्रिंबक : मॅडम, त्यो बरा हुन्यातला न्हाय. गळ्यातला आवाजाचा डबाच काढनार हायत. गाठ हाय त्यात. उद्या भरती. मंगळवारपासनं मला आवाज न्हाय.

कीर्ती : तुम्ही म्हणाला होतात, छोटं ऑपरेशन आहे.

त्रिंबक : ऑपरेशन असल बारकं. मला काय ठावं.

बुद्धप्रिया : काका, तुम्ही मला पण नाही सांगितलं. रोज शेजारी बसताय की.

त्रिंबक : तुला काय सांगायचं पोरी. तू झाडं काढत बसलीस, गुलाबी, हिरवी. चांगलं वाटत हुतं बघायला.

कीर्ती : एक मिनिट. मग तुम्ही क्लास लावलात तो...

त्रिंबक : तेवीस वर्षं रिक्षाला भोंगा बांधून फिरलो मी. चादरीचा सेल असो, कुनाचं पोरगं हरवलेलं असो, नळाला पानी कवा येनार, सगळं मीच सांगायचं. हिकडं बार्शीच्या बाजारापातुर, तिकडं मैंदर्गीला गेलो की कन्नडमदी. आता सगळी रेकॉर्ड लावत्यात. कुनाचा तरी गुळगुळीत आवाज, मुंबईचा का कुटला. माझा पुतण्या म्हनला, आप्पा, तुमचा आवाज कॉम्प्युटरमदी भरून ठेवा. रिक्षा तुमची, आवाज तुमचा, बटन दाबलं की झालं. दुकानदार तुमालाच बोलीवत्याल. तेवढ्यासाटी आलो मी. सर्टिफिकेट घिऊन कुटं लावू?

कीर्ती : आणि तेवीस दिवसांत तुम्ही एकच शब्द रेकॉर्ड केलात.

त्रिंबक : मला वाटलं, बाकीचं त्येच करंल. एका डहाळीतनं अख्खं झाड हुतं म्हनलात तुमी. मी म्हनलं, मंडळी हा शब्द माझ्या आवाजाची डहाळीच हाय. सगळी वाक्यं मी तितनंच सुरू करतो. रोज येऊन बघायचो, पुढचं वाक्य आलं का. न्हाय आलं. म्हनलं, येळ लागत असंल.

बुद्धप्रिया : मॅडम, पण मोबाइलवर तसं येतं की. थोडा आवाज दिला की तो वाटेल ते बोलतो.

कीर्ती : ती वेगळी सॉफ्टवेअर आहेत, आपल्याकडे नाहीत. आणि त्यांनाही आधी नीट बोललेला आवाज भरपूर द्यावा लागतो. एका "मंडळी"वर कुणी काय करणार.

त्रिंबक : मंग आता?

कीर्ती : चूक माझी आहे, काका. मी रोज विचारायची, झालं का, तुम्ही मान हलवायचा, आणि मी पुढं जायची. बावीस जणांत एकदा तरी तुमचा हेडफोन कानाला लावायला हवा होता मी.

त्रिंबक : मान तर मी सगळ्यालाच हलवतो. कळलं न्हाय तरी.

कीर्ती : आता किती वाजले?

बुद्धप्रिया : तीन दहा. पाचला पुढची बॅच येणार.

कीर्ती : डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय का?

त्रिंबक : न्हाय. म्हनले, आज काय बोलायचं त्ये बोलून घ्या.

कीर्ती : मग माइक पुढं ओढा. बुद्धप्रिया, पंखा बंद कर आणि दार लाव. तू यादी लिही, मी फाइली कापते. काका, आधी आकडे. एक ते शंभर.

त्रिंबक : शंभर? सेलमदी पंधरा टक्क्याच्या वर सूट कोन देत न्हाय हितं.

कीर्ती : तरी बोला. तारखा लागतील, वाजले किती ते लागेल.

त्रिंबक : एक. दोन. तीन...

बुद्धप्रिया : मॅडम, काका सगळे आकडे वर नेऊन सोडतायत. जोडल्यावर प्रत्येक आकड्यानंतर अजून काहीतरी येणार असं वाटेल.

त्रिंबक : भोंग्यावर तसंच बोलत्यात. खाली सोडलं तर मानूस निघून जातो.

कीर्ती : मग दोन्ही तऱ्हेनं बोला. एकदा वर, एकदा खाली. वाक्य संपलं की खालचा लावायचा.

त्रिंबक : खालचा कवा, वरचा कवा, ह्ये मला ध्यानात ऱ्हायाचं न्हाय.

बुद्धप्रिया : मी फाइलीच्या नावातच लिहिते. वर, खाली. तुमच्या मोबाइलमध्ये भरून देते. बोट लावलं की वाजेल.

कीर्ती : आकडे झाले. आता वार. मग गावं.

त्रिंबक : सोमवार. मंगळवार... मंगळवार परत घ्या, मधी घसा अडकला.

कीर्ती : राहू दे, चांगला आलाय. गावं.

त्रिंबक : बार्शी. अक्कलकोट. चिंचोळी एमआयडीसी, तितं कामगारांच्या मिटिंगा सांगायला जातो. मैंदर्गी. मैंदर्गीला मराठीत बोलून भागत न्हाय. "या, या" न्हाय, कन्नडमदी "बर्री, बर्री" म्हनावं लागतंय.

बुद्धप्रिया : "बर्री" घेतलं.

कीर्ती : आता पूर्ण वाक्यं. हरवल्याचं सांगा.

त्रिंबक : मंडळी, योक मुलगी हरवलेली हाय. वय...

कीर्ती : वय सोडून द्या, तिथं आकडा जोडू.

त्रिंबक : अंगात निळा फ्रॉक...

बुद्धप्रिया : रंग पण वेगळे घ्या की. सगळ्या मुली निळ्या फ्रॉकमध्ये हरवणार आहेत का?

त्रिंबक : लई डोकं चालतंय हिचं. निळा. लाल. पिवळा. पांढरा. सापडल्याचं बी घ्या मॅडम. लोक हरवल्याचं सांगायला पैसे देत्यात, सापडल्यावर कोन सांगत न्हाय. मी आपला फुकट फिरतो. मंडळी, मुलगी सापडली हाय. सगळ्यांचे आभार.

कीर्ती : हे फारच छान आलं.

त्रिंबक : पानी द्या जरा.

बुद्धप्रिया : घ्या. दोनशे बावन्न फाइली झाल्या. साडेचार.

कीर्ती : बास करू या का? आवाज ओढतोय तुमचा.

त्रिंबक : ऱ्हायलं काय आनखी?

कीर्ती : रिक्षाचं बरंचसं झालं. पण काका, घरचं काहीच नाही यात. पाणी दे, औषध दे, दुखतंय. दवाखान्यातून आल्यावर हेच आधी लागेल.

त्रिंबक : त्ये हातानं दाखवता येतं. त्याला कशाला मशीन.

बुद्धप्रिया : आणि काकूंना हाक मारायची झाली तर? त्या स्वयंपाकघरात, तुम्ही बाहेर. हात कुठून दिसणार? फॉर्मवर नाव आहे, बजाबाई. बोला, मी कापते.

त्रिंबक : त्ये न्हाय जमनार.

बुद्धप्रिया : का?

त्रिंबक : मी नाव घेत न्हाय तिचं. लग्नात घेतलं हुतं एकदा, सगळ्यांनी अडवून धरलं म्हनून. त्येच्यानंतर न्हाय.

कीर्ती : मग हाक कशी मारता?

त्रिंबक : मारतच न्हाय. मी दारात रिक्षा लावतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. माझा आवाज आला की ती चहा टाकती.

बुद्धप्रिया : मग "मंडळी" लावा की. ते आहेच.

त्रिंबक : तिला मंडळी म्हनू? गिऱ्हाईक हाय का ती?

कीर्ती : हसू नको गं. काका, नाव नको तर राहू दे. पण तुमच्या आवाजातलं त्यांच्यासाठी काहीतरी असू दे. आज नाही घेतलं तर नंतर आपल्याला काहीच करता येणार नाही. मला भीती वाटते त्याची. परत काहीतरी राहून जाईल आणि मी म्हणेन, मी विचारलं नाही.

त्रिंबक : मला खरंच सुचंना झालंय. दुसऱ्याचं काय बी सांगा, घडाघडा बोलतो. हितं आलं की गाडी बंद. ती पन मला इचारत हुती काल, काय काय भरलं म्हनून. मी म्हनलं, सगळं.

कीर्ती : घाई नाही. अजून वीस मिनिटं आहेत.

त्रिंबक : लाल बटन दाबलं का?

कीर्ती : दाबलं.

त्रिंबक : मंडळी... न्हाय, त्ये काढा. जेवलीस काऽऽ?

बुद्धप्रिया : काका, भोंग्यावर नाही, घरात विचारायचंय.

त्रिंबक : सवय हाय. परत दाबा.

कीर्ती : बोला.

त्रिंबक : जेवलीस का?

कीर्ती : आलं. हे असंच राहू दे.

बुद्धप्रिया : रोज विचारता?

त्रिंबक : कुटलं. छत्तीस वर्षं तीच इचारत आली. मी कवाच न्हाय इचारलं.

कीर्ती : मग आणखी एकदोन वाक्यं घेऊ या, काका. एवढ्यावर कसं भागेल?

त्रिंबक : भागंल. एवढंच ठिवा. पुढचं तीच बोलंल.