शोभाचा उन्हाचा घेरा

तुम्हाले सांगतो, आमच्या शोभाची, म्हणजे माझ्या बायकोची, हाडं फार दुखायची. समता कॉलनीतले डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास पाठीले ऊन लागू द्या."

शोभा म्हणे, "छतावर पाठ उघडी करून बसू काय? समोर चार माळ्यांची बिल्डिंग आहे!"

मी रेल्वेतला रिटायर फिटर. पीव्हीसी पाइप आणि जुन्या चादरी घेऊन एक घेरा बनवला. वरून उघडा, पाच मिनिटांत उभा होणारा आणि सोडला की काखेत मावणारा. वरून आतलं दिसते का, ते पाहाले शोभा समोरच्या चौथ्या माळ्यावर गेली. मी आपल्या छतावर घेरा उभा केला आणि बनियन काढून आत बसलो.

तिथून ती ओरडली, "सगळं दिसून राहिलं! पोट बी!"

बाल्कन्यांमध्ये लोक जमा झाले. कोणीतरी विचारलं, "भैया, क्या हुआ?" मी घाईत चादर ओढली, तर अख्खा घेराच अंगावर आला.

दुसऱ्या दिवशी त्या बाजूची चादर दोन हात उंच केली. शोभानं पुन्हा वर जाऊन पाहिलं, मग स्वतः आत गेली. एक तास झाला तरी बाहेर येईना.

मी विचारलं, "काहून, झालं नाही काय?"

आतून आवाज आला, "थांबा ना. लहानपणानंतर आज पाठीले ऊन लागून राहिलं."

मी जिन्याचं दार लोटून घेतलं आणि पायरीवर बसून राहिलो.