पाणी प्यायची सुट्टी

दातांच्या दवाखान्यात परदेश दौऱ्यातली वनडे लागली होती. मैदानावर ड्रिंक्स ब्रेक झाला, तसा कंपाउंडरने चॅनल बदलायला रिमोट उचलला. इतका वेळ मान खाली घालून विणत बसलेल्या मावशी एकदम ओरडल्या.

“अहो दादा, आत्ता नका बदलू!”

“मावशी, मघापासून तुम्ही मॅचकडे ढुंकूनही बघितलं नाहीत.”

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

शेजारचे सुजल्या गालाचे काका करवादले, “मग आता काय बघणार? पाणी पिणं?”

“त्या बाटल्या घेऊन धावत आला ना, तो माझा धाकटा.”

“काय सांगता! खेळवत का नाहीत त्याला?”

“खेळवतील की. दौरा अजून संपलाय कुठे?”

“बरोबर आहे. आणि पळतो मात्र झकास हं, मावशी!”

आतून डॉक्टरांची हाक आली. “मावशींना पाठव रे!”

“डॉक्टर, दोन मिनिटं थांबा,” कंपाउंडरने रिमोट खिशात टाकला. “इथे ड्रिंक्स ब्रेक चाललाय.”

बाटल्या गोळा करून तो धाकटा परत पळाला.

“बघितलंत? सगळ्यांना पाजलं,” मावशी पुटपुटल्या, “स्वतः घोटभरसुद्धा नाही प्यायला.”