बाबांच्या कढईचा गंज

नाही नाही, आधी मला बोलू द्या, मग काय हसायचं ते हसा! अहो, कढई म्हणजे काय, साधी कढई हो! पातळ पोलादी पत्रा, एक लांब दांडा, संपलं. आणि तिच्यापायी माझा खांदा गेलाय, बोटांची सालं निघालीत, वर घरात वेडा कोण? तर मी!

झालं काय, आमचे बाबा. जन्मभर हॉटेलच्या भट्टीसमोर उभे. भात असा उडवायचे की गिऱ्हाईक समोरचं जेवण सोडून बघत बसायचं. आता हात थरथरतात, म्हणून आणलं आमच्याकडे. तर माणूस जेवेना! दोन घास घेतले की ताट सारलं. 'पुरे.' दिवसभर खिडकीशी खुर्ची टाकून गप्प. डोळ्यांदेखत विझत चाललेला बाप हो! म्हटलं, त्यांची जुनी कढई आणू, तिच्यात केलेलं तरी खातील. कढई कुठे? धाकट्या भावाच्या गच्चीत, कुंडीखाली! गंज असा की हात लावला तर हात लाल. फोन केला तर म्हणतो, 'अरे दादा, कुंडीचं पाणी फरशीवर सांडत नाही ना त्यामुळे.' सांडत नाही म्हणे!!

मग बसलो. व्हिनेगर, तारेची घासणी, काचकागद... घास, घास, घास! बाबांनी खुर्ची ओढली ती थेट स्वयंपाकघराच्या दारात. म्हटलं, बघा बाबा, चकाचक! चष्मा पुसला, वाकले, दांड्याजवळ नख लावलं. 'अजून नाही.'

साधी कढई हो! परत घासली. मग निळी पडेपर्यंत तापवली. मग तेल, म्हणजे काळा थर बसतो आणि काही चिकटत नाही. मी आपलं प्रेमाने घसघशीत ओतलं, बापाच्या कढईला कंजुषी कशाला? झाला नुसता डिंक! बाबा कडाडले, 'गाढवा! तेल लावायचं आणि पुसून टाकायचं!' पुसून टाकायचं तर लावायचं कशाला?? पण विचारायची सोय आहे का? घरभर धूर. बायको खोकत खोकत म्हणते, 'अहो, स्वयंपाक करताय की इंजिन चालवताय?' परत घास, परत तापव, परत पूस. 'अजून नाही.' परत! 'अजून नाही.' आणि सकाळी बघावं तर हा माणूस माझ्याआधी दाढी करून, खुर्चीत हजर!

शेवटी झाली. काळीभोर, गुळगुळीत. अंडं फोडलं आणि ते अंडं... सरकलं हो! न चिकटता! बाबांनी दोन अंडी खाल्ली, ताट पुसून. मला रडूच आलं, लपवत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येतो तर कढई पांढरीफटक! ताई आली होती. आमची मोठी बहीण, भांडं दिसलं की हात शिवशिवतात तिचे. साबण, तारेची घासणी, माझी सगळी मेहनत मोरीत! असा भडकलो म्हणून सांगू... 'ताई, अक्कल गहाण टाकलीस का?' तर ती रडकुंडीला येऊन, 'माझ्यावर काय ओरडतोस? बाबाच म्हणाले घास म्हणून!'

बाबा??

बाबा कुठे? स्वयंपाकघराच्या दारात, खुर्चीवर, चष्मा पुसत, तय्यार! म्हणतात कसे, 'दांड्याजवळ थोडं राहिलं होतं.' काही राहिलं नव्हतं हो! कण नव्हता राहिलेला! ओरडायला तोंड उघडलं मी... आणि मग कळलं. कढई झाली की ह्या माणसाला परत खिडकी. बाह्या सरसावल्या. ताईने त्या दिवशी सांगितलं, बाबा दुपारी स्वतःहून मागून जेवले.

आज पुन्हा काळी झाली कढई. म्हटलं सुटलो! तर ओट्यावर बायकोचा नवा तवा काढून ठेवलेला. बाबा म्हणतात, 'ह्याला गंज चढलाय.' अहो, नॉनस्टिक आहे तो! त्याला जन्मात गंज चढत नाही!

...असो. बायकोला सांगू नका, पण तुमच्याकडे थोडा काचकागद असेल तर द्या. माझा संपलाय.