पाकिटावरची वेदक्का

— दार लावून घेतोस? बरं, लाव. शेजारी ऐकू जाईल म्हणतोस — जाईलच की, भिंत एकच आहे आमची आणि त्यांची, तिकडे मिरचीची फोडणी पडली की इकडे मला ठसका लागतो. त्या खुर्चीत नको बसू, तिचा एक पाय लुळा आहे, चटईवर बस. तुला ‘तू’ म्हटलं तर चालेल ना, रविशंकर? तंजावरचे तुझे आजोबा आमच्या यजमानांच्या ओळखीचे, म्हणजे तू काही अगदीच परका वकील नाहीस, आणि मराठी बोलतोस हे एक बरं झालं, दिवसभर बाहेर तमिळ बोलून जीभ दमते बघ. कॉफीत साखर कमी झाली असेल. मी चाखून बघत नाही, देवाला दाखवल्याशिवाय जिभेवर काही ठेवायचं नाही ही आमच्याकडची रीत, सासूबाईंनी घातलेली, ती मी अजून मोडली नाही.

वाच तो कागद. तूच वाच, मला चष्मा लावूनही एवढं बारीक दिसत नाही — हसू आलं ना? पिठाच्या पाकिटावर मी बिनचष्म्याची सुईत दोरा ओवते आहे, ते आठवलं तुला. अरे, दोरा आधीच ओवलेला होता. फोटोवाल्यानं ओवला आणि सुई माझ्या हातात दिली, म्हणाला, पाटी, म्हणजे आजी, आता नुसतं हसा. हसले मी. तिरुभुवनमचं हिरवं रेशमी लुगडं होतं अंगावर, कृष्णप्रसादनं मुद्दाम विणकरांच्या सोसायटीतून आणलेलं, त्याचा काठ नीट दिसतो की नाही एवढंच माझ्या मनात होतं. हां, वाच.

“मी, वेदवती, वय वर्षं चौऱ्याहत्तर, हे पीठ रोज सकाळी कांजी करून घेत आले. चाळीस दिवसांत माझी शुगर मुळापासून गेली, एकेचाळिसाव्या दिवशी मी गोळ्या सोडल्या, आजवर मला कसलाही अपाय झालेला नाही” — हेच की पाकिटावर आहे. फक्त खाली माझी सही हवी. आणि ही सही झाली की ग्राहक आयोगात तू उभा राहून सांगणार, बघा, ही बाई जिवंत आहे, ठणठणीत आहे, शेजारच्या लक्ष्मीप्रियेची सासू गेली ती तिच्या नशिबानं गेली. असंच ना? मान खाली नको घालू, तुझं कामच आहे ते.

कृष्णप्रसाद वाईट नाही रे. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, पिठाची गिरणी त्याचीच. यजमान गेल्यावर त्यानंच मला या घरात राहू दिलं, घर त्याच्या नावावर आहे, पण कधी बोलून दाखवलं नाही — कधीच नाही. काल मात्र फोनवर म्हणाला, काकू, तुम्ही सही केली नाहीत तर पुढं काय करायचं ते तुम्हीच सांगा. आवाज चढवला नाही त्यानं. पण तेव्हापासून मी या खांबांकडे बघते आहे, चोपन्न वर्षं पुसलेत मी हे.

आता एक विचारते, कुंभकोणमात शुगरवाल्या म्हाताऱ्या काय कमी आहेत? मग पाकिटावर मीच का? सांगते. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, वेदक्का बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही. लग्नाला गेली तरी पंगतीला बसत नाही, घरी येऊन दहीभात खाते. मग ती वेदक्का जर गिरणीतलं पीठ खाते, तर त्या पिठात काहीतरी असणारच, हो की नाही? लोकांनी तसंच म्हटलं. तिरुनागेश्वरमच्या देवळात बायका मला अडवून विचारायच्या, तुम्हीच ना त्या पाकिटावरच्या? मला आवडायचं. का खोटं बोलू, फार आवडायचं.

काय? खाल्लं का? कसं खाईन मी? परक्या हातानं भाजलेलं, कुठल्या पाण्यात भिजवलेलं कोण जाणे — एक चमचासुद्धा नाही. तो पाकिटं पाठवायचा, मी ती गोमतीला द्यायचे, आमच्याकडे भांडी घासते ती, ती तिच्या गाईला घालायची. माझं सोवळं बघून लोकांनी खाल्लं, आणि त्याच सोवळ्यापायी मी खाल्लं नाही. — पेन खाली का ठेवलंस? ठेव, ठेव. अजून लिहिण्यासारखं पुढं आहे.

गोळ्या. ती बघ देवाची फळी, गंधाच्या डबीमागं हात घाल. सापडली पट्टी? आज सकाळची अजून घ्यायची आहे. अकरा वर्षं झाली, एक दिवस चुकवली नाही, पाकिटावर फोटो आला त्या दिवशीही नाही. पूर्वी ती उघड्यावर, पाण्याच्या तांब्याशेजारी असायची. फोटो आल्यावर आत ढकलली. कोणी आलं-गेलं तर दिसायला नको म्हणून — आणि आमच्याकडे येणार कोण, सरोजा.

सरोजा म्हणजे लक्ष्मीप्रियेची सासू. मागं परसात विहीर आहे ना, ती अर्धी त्यांची अर्धी आमची, मधे कमरेएवढी भिंत. चाळीस वर्षं आम्ही दोघी त्या भिंतीवर कोपरं टेकून बोललो. मराठी बोलायला मला ती, तिला मी. रोज आठ वाजता हाक मारायची, वेदक्का, आहेस का गं? त्या दिवशीही मारली. आषाढ होता. मी नुकती गोळी जिभेवर ठेवली होती, तांब्याकडे हात चालला होता, एवढ्यात हाक. गेले तशीच. ती म्हणाली, तिच्याही गोळ्या आहेत, रोजचा कंटाळा आला आहे, घरात पीठ तर आणलंय, पण छापलेल्यावर तिचा भरवसा नाही. म्हणाली, “तू सांग. तू सोडल्यास ना खरंच?”

गोळी तोंडात होती, रविशंकर. विरघळायला लागली होती, कडूजहर. मी ती कोरडीच गिळली आणि म्हणाले, “होय, सोडल्या.”

बास. एवढंच बोलले. बाजारात तमिळमध्ये मी हजार थापा मारल्या असतील, फोटोवाल्यापुढं हसले, त्याचं मला काही वाटलं नाही. पण हे आमचं घरातलं बोलणं होतं, आणि तिनं छापलेलं सोडून माझ्या तोंडाकडे बघितलं होतं. — का बोलले म्हणजे? खरं सांगितलं असतं तर पाकिटावरची मी खोटी ठरले असते. तिच्यासमोर. एवढंसं कारण.

तिनंही सोडल्या. श्रावणात — आपल्याकडे तेव्हाही ऊन तापतंच — तिच्या टाचेला चटका बसला, देवळातल्या तापलेल्या फरशीवर. मग तो भरेना. मग काळा पडला. मला दिसत होतं. रोज आठ वाजता ती लंगडत भिंतीशी यायची आणि मी रोज मनात म्हणायचे, उद्या सांगते. कार्तिकात तिला दवाखान्यात नेलं, मी भेटायला गेले, तर उशाशी औषधांच्या बाटल्यांत ते पाकीट उभं, मी हिरव्या लुगड्यात हसते आहे. आणि सरोजा नर्सबाईंना सांगते, ही बघा, हीच ती, माझी शेजारीण. अभिमानानं सांगत होती रे. मग मला जवळ घेऊन हळूच म्हणाली, “माझंच चुकलं असेल वेदक्का, मी कांजीत दूध घालत होते.” पाय तोवर कापला होता. चार दिवसांत गेली.

दोन वर्षं झाली. तेव्हापासून गोळीवर मला पाणी पिता येत नाही. तांब्या तोंडाशी नेला की भिंतीपलीकडून हाक येते. भास आहे, मला कळतं, मी काही वेडी नाही. पण हात तिथंच थांबतो आणि मी कोरडीच गिळते, रोज, आणि ती घशात अडकून राहते दुपारपर्यंत. दुकानात गेले तर फळीवर ओळीनं मीच. कचऱ्यात मी, महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर चुरगळलेली मी. सगळीकडे एकच हसू. लक्ष्मीप्रिया रोज समोर दिसते, आयोगात तक्रार घातली तरी मला वाकून नमस्कार करते — तिला वाटतं कृष्णप्रसादनं मलाही फसवलं.

किती वाजले? आठ ना? मला वाटलंच.

दार उघड. लावलेलं नको आता. लक्ष्मीप्रिया बाहेर तिण्णैवर, त्यांच्या ओट्यावर, भाजी निवडत बसली असेल. ती पट्टी दे इकडे, आणि तो तांब्या. आज पाण्यानं घेणार आहे, तिच्या शेजारी बसून, तिला दिसेल अशी. मग ती विचारील. विचारू दे. कागद घडी घालून ने तू, बिनसहीचाच ने. कृष्णप्रसादला सांग, काकूला पेटी भरायला दोन दिवस लागतील, ते हिरवं लुगडं इथंच ठेवून जाईन म्हणावं. चपला तुझ्या पायरीशी आहेत. जा बाळा, माझ्याकडे असं बघत राहू नकोस, जा.

लक्ष्मीप्रिये — आहेस का गं?