रोजा सुटल्यावर

हंबीरराव: पुण्याच्या बाईंचा फोन आलता. उंब्रज सोडलंय म्हणं. अर्ध्या तासात गुऱ्हाळावर येत्यात बघ.

मौलाली: येऊ द्यात की. ढेपा झाकून ठेवल्यात.

हंबीरराव: ढेपांचं न्हाई म्हणत मी. मला त्या काय इचारणार न्हाईत. मालक लबाड बोलतोच, असं धरूनच येत्यात ही लोकं. म्हणल्या, ज्यानं गूळ शिजवला त्या गुळव्याशी बोलायचंय. तवा तू एवढंच सांगायचं, नुसत्या उसाच्या रसाचा हाय, साखर न्हाई.

मौलाली: मला नगा घालू त्यात, मालक.

हंबीरराव: का? सकाळी काहिलीत साखरंचं पोतं कुणी वतलं? मी?

मौलाली: मीच वतलं.

हंबीरराव: मग?

मौलाली: मग काय. तवापास्नं बसलोय हितं. डोस्कं पार बधिर झालंय.

हंबीरराव: उपासानं झालं आसंल. पाणी तरी पी गड्या. आमी सोमवार धरतो, पाणी चालतंय की.

मौलाली: आमचं चालत न्हाई.

हंबीरराव: घोटभर रं. हितं कोण बघतंय?

मौलाली: तेच तर हाय. दुपारी तुमी जेवाय जाता, गडी सावलीला पडत्यात. खोपीत घागर भरलेली आसती, मी एकटाच. चुलवाणाच्या धगीनं जीभ टाळूला चिकटती. तरी घागरीला हात लावत न्हाई. का? तर त्यो बघतोय म्हणून. मला उपाशी ठिवून अल्लाला काय मिळणार हाय? त्यो बघतोय ही सवय लागावी, एवढ्यासाठी हाय सगळं.

हंबीरराव: बरं, लागली की सवय. एकवीस रोजं झालं तुझं.

मौलाली: मग सकाळी पोतं वतताना कुठं गेलती ती सवय? पाणी पिताना त्यो बघतो आन् साखर वतताना त्याचा डोळा लागतो व्हय? एकवीस दिस नुसतं पोट रिकामं ठेवलं मी. बाकीचं सगळं हुतं तिथंच हाय.

हंबीरराव: मौला, मी बी दमलोय रं. गावात तीन गुऱ्हाळं हुती, ह्यो एकच धूर ऱ्हायला. बाईनं माल उचलला तर हंगाम निघंल. न्हाईतर उद्यापास्नं चुलवाण थंड. तुझं बी काम गेलं. मग ईद कशावर करणार हायस?

मौलाली: ठावं हाय मला.

हंबीरराव: मग असं कर. रोजा कवा सुटतोय?

मौलाली: पावणेसातला.

हंबीरराव: झालं तर. बाईंस्नी मी ऊस दाखवतो, रस पाजतो, तवर थांबवतो. तू रोजा सोड, दोन खजूर खा, आन् मग बोल. रोज्यात लबाड बोलल्याचं पाप नगं तुझ्या डोक्यावर.

मौलाली: लय काळजी करता माझी.

हंबीरराव: हसतूस का?

मौलाली: हसत न्हाई. मी बी दुपारपास्नं हेच योजत बसलोय. पावणेसात वाजलं की बोलाय मोकळा. तुमच्या तोंडनं ऐकलं आन् लाज वाटली.

(पुण्याच्या बाईंना, पल्लवीला, येऊन तासभर झाला आहे. मशिदीतली अजान ऐकू येते. मौलाली पाणी पिऊन तांब्या खाली ठेवतो.)

पल्लवी: सावकाश होऊ द्या, काका. दिवसभर या आगीपाशी उभं राहायचं आणि पाण्याचा थेंब नाही. कसं जमतं तुम्हाला?

मौलाली: जमतंय, ताई.

हंबीरराव: एक बी रोजा मोडला न्हाई. म्हणून म्हणलं, ह्यालाच इचारा. ह्यो लबाड बोलायचा न्हाई.

पल्लवी: मला पाडव्याच्या पुरणपोळ्यांना न्यायचाय. डब्यावर ‘शुद्ध गूळ’ छापते मी, म्हणून विचारावं लागतं. रंग तर सुरेख आलाय. साखर नाही ना यात?

हंबीरराव: सांग मौला. सुटला न्हवं आता?

मौलाली: हाय, ताई. एक पोतं.

हंबीरराव: मौला.

मौलाली: मालक वत म्हणलं, पर पोतं मीच उचललं. माझंच हात हुतं.

पल्लवी: आणि साखरेशिवाय असा पिवळा होत नाही?

मौलाली: ह्या उसाचा न्हाई. काळपट येतो.

पल्लवी: काळपट पुरणाची पोळी परत येते माझ्याकडे. लोकांना शुद्धही हवी आणि पिवळीही हवी. खरं सांगू, काका? तुम्ही ‘साखर नाही’ म्हणाला असतात, तर मी पुढचा प्रश्न विचारला नसता. गाडी भरून निघाले असते.

मौलाली: व्हय.

पल्लवी: आता नाही नेता येणार. नको, चहा नको हंबीरराव, राहू द्या. अंधार पडायच्या आत हायवेला लागते.

हंबीरराव: गेली. झालं तुझं समाधान?

मौलाली: न्हाई.

हंबीरराव: माझ्यापरीनं वाट काढून दिलती तुला. रोजा सुटला हुता, पाणी प्याला हुतास. आता काय आडवं आलं?

मौलाली: पाणी प्यालो, मालक, आन् बघितलं तर त्यो अजून हितंच हुता.

हंबीरराव: मला न्हाई कळत तुझं हे. उद्या येऊ नगंस. काहील लावायची न्हाई.

मौलाली: बरं.

हंबीरराव: पडून ऱ्हा घरी. ईदपतूर आराम कर. तोंड बघ कसं सुकलंय.

मौलाली: आराम कसला. हाताला काम नसलं की रोजा लय लांब वाटतो, मालक.