अमावस्या आन् साहेबाचा ट्रॅक्टर

मला कुणी शानपना शिकवू नका. बायकूचा भाऊ सदा एकटा पुरलाय त्याला. मळवलीला मी बंगल्याचा राखणदार होतो. साहेबानं बजावलं, "बागेतला जुना ट्रॅक्टर मी यायच्या आत रंगवून ठेव, न्हाईतर दुसरी नोकरी बघ." सदानं कुटनं तरी कंप्रेसर आणला आन् हवेच्या जोरानं वाळू मारून सगळा गंज उडवला. लोखंड चांदीवानी झालं.

म्हणलं, "लाव आता रंग."

"दाजी, आज अमावस्या. रंग उद्या."

बायकूनंबी भावाचीच री ओढली. उघड्या लोखंडावर रातभर धुकं बसलं. सकाळी फाटकात साहेबाची मोटार, आन् ट्रॅक्टर पुन्हा गंजून लाल.

सदा मलाच म्हणतो, "बघा दाजी! अमावस्या वाईट म्हणलं, तर तुमी ऐकत न्हवता."